पांघरुणाचा हिरवा काठ

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि., मला नोकरी लागली! हसू नकोस. खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या म्हातारीला कोण नोकरी देणार म्हणशील, तर ऐक.

आमच्या वॉर्डात नऊ खाटा. नऊही पांघरुणं फ्लीसची, एकजात करडी. धुवून आली की कुणाचं कुणाला, पत्ता नाही. परवा चौथ्या खाटेवरची बहिरी मास्तरणीशी कडाकडा भांडली. मास्तरीण म्हणजे सातव्या खाटेवरची, तुझं अक्षर बघून नाक मुरडणारी. मी मोठ्या सिस्टरना म्हटलं, प्रत्येकीला निराळ्या रंगाचा काठ विणते. त्या म्हणाल्या, लोकरीला पैसे नाहीत. मी म्हटलं, मागितले कुणी? तो पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, जो तू टाकून दे म्हणून माझ्या मागे लागली होतीस, तोच उसवला. तूही लोकर पाठवू नकोस हो, खोलीसाठी जमव.

क्रोशाची सुई फ्लीसमध्ये शिरता शिरत नाही ग. मग गाद्या शिवणाऱ्याकडून दाभण मागून घेतला. काठापासून बोटभर आत भोकं पाडायची. कडेला टोचलं तर फाटतं, फार आत टोचलं तर कापड गोळा होतं. एकेका भोकात दोन मुके खांब, म्हणजे सगळ्यांत आखूड टाके. कोपऱ्यात मात्र तीन, नाहीतर कोपरा तुझ्या रुसलेल्या ओठासारखा वळतो. त्यावर शिंपल्यांची नक्षी. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून दुमडायलाही नको. आळशी बाईचं कापड! मास्तरणीला पिवळा दिला, बहिरीला लाल, मला हिरवा.

तळमजल्याच्या खोलीचं काय झालं? घाई नाही, आपलं सहज विचारलं.
लोभ आहेच, धुतला तरी विटणार नाही.
तुझी आजी

१२ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि. नोकरी लागली, आता रजा मागायची सोय नाही! मी दिवसभर बसच्या पासाच्या खिडकीमागे बसून लोकांचे फोटो चिकटवते, माझं कौतुक कुणी करत नाही.

तळमजल्याचे भाडेकरू जातो जातो म्हणतात, पण त्यांचं एक भांडं हलत नाही. मालक आता डिसेंबर म्हणतात. मी दार मोजून आले. तुझी चाकाची खुर्ची आत येते, शिवाय बोटभर जागा उरते. इथे जिना नाही, तुला उचलायला चार माणसं नकोत. तेवढं एकदा जमू दे.

तू गोळ्या उशीखाली लपवतेस म्हणे. फोनवर सिस्टरनी सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंना नमस्कार, आणि माझं अक्षर दाखव. सुधारलंय.
माया पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

२७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. मास्तरणीला नमस्कार पोचवायचा राहिला. तुझं पत्र आलं त्याच सकाळी तिची गादी उन्हात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या सातव्या खाटेवर एक शिंपीण आली. म्हणाली, गेलेल्या बाईचा काठ मला नको. रास्त आहे. मी तो उसवला, चहाच्या पाण्यात बुडवला, झकास बदामी झाला! पण उसवताना लोकर गाठीपाशी तुटते, दरवेळी हातभर कमीच होते. शिंपल्यांना लोकर पुरेना, साध्या खांबांवर भागवलं. तिसऱ्या खाटेवरचा काठ तर दोनदा बदलला. आधी शिंपले, मग खांब, आता नुसते मुके खांब. आणखी कुणी आली तर साखळीवर बोळवण! शिंपीण हसते, म्हणते, आजी, तुमच्या दुकानात माल दिवसेंदिवस हलका होतोय.

मला दारापाशीच्या खाटेवर हलवलंय. तिथे सिस्टरचा हात पटकन पोचतो म्हणे. मास्तरीणही शेवटचे चार दिवस तिथेच होती. दार उघडलं की गार वारा येतो, पण हिरवा काठ गळ्यापर्यंत ओढला की झालं. घरी येताना पांघरूण आणू का, असं सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, पांघरूण दवाखान्याचं, लोकर तुमची.

डिसेंबर लागेलच ना ग आता?
तुझी आजी

४ डिसेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि. किल्ली मिळाली! ही बघ, टेबलावर आहे. रंगाचा वास आहे, तुझ्या छातीला सोसायचा नाही, म्हणून दहा दिवस थांबते. १४ तारखेला, रविवारी, गाडी घेऊन येते.

एक ऐक माझं. हिरवा काठ कुणाला उसवू देऊ नकोस.
भिंगरी

९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद. किल्लीचं वॉर्डभर सांगितलं. बहिरीलासुद्धा कळलं, म्हणजे बघ किती ओरडले असेन! हात आता सुई धरत नाही, म्हणून शिंपणीला काठ शिकवला. हे पत्रही तीच लिहून घेतेय. शब्द माझे, शुद्धलेखन तिचं.

हिरव्याचं म्हणशील, तर रविवारी मी निघाले की उसवून पिशवीत आणेन. नाहीच निघाले, तर इथे कुणाला तरी होईल. टोक डोक्याकडच्या कोपऱ्यात आहे, लाल धाग्यानं बांधलंय. कात्री लावायची नाही. नुसतं ओढायचं, सबंध सुटतं.

माझी खाट खिडकीपाशी टाक हं. दारापाशी नको.
तुझी आजी

१६ डिसेंबर

भिंगरीताईंस,
सातव्या खाटेवरच्या शिंपणीचा नमस्कार. रविवारी तुम्ही आलात, पिशवी घेतलीत, रिकाम्या खाटेवर किल्ली मुठीत धरून बसलात. मला बोलायचं होतं, जमलं नाही. शुक्रवारी पहाटे जाताना आजींना त्रास झाला नाही, एवढं मी पाहिलंय.

आज त्या खाटेवर नवीन बाई आल्या. त्यांचं बिनकाठाचं पांघरूण दुपारीच दुसऱ्या वॉर्डातल्याशी बदललं गेलं, रडत होत्या. वॉर्डात दुसरी लोकर नाही. आजींनी मला हिरवा उसवायला सांगितलं होतं. पण तुमचं पत्र त्यांना मीच वाचून दाखवलं होतं, म्हणून हात धजत नाही, ते पांघरूण तसंच घडी घालून ठेवलंय. तुम्ही म्हणाल तर लोकर तुमच्याकडे पाठवते.
राग नसावा.

१९ डिसेंबर

शिंपीणबाईंस,
न. वि. वि. उसवा. टोक डोक्याकडच्या कोपऱ्यात आहे. कात्री लावू नका, नुसतं ओढा.

पुरतील तेवढे शिंपले करा. त्या बाईंचं कुणी येणार असेल, तर त्यांना रंगाच्या वासासाठी थांबू नका म्हणावं.

लाल धागा तेवढा पाकिटात घालून मला पाठवा.
तुमची,
भिंगरी