केळ आपणहून ओळीत उगवत नाही

सोमवार, ७ जुलै २०२५

सापडलं!! घर! माणसांचं घर!

अक्षर बघ कसं वेडंवाकडं आलंय. कोणाला सांगायचं नाही — कंपनीने तसा कागद सही करून घेतलाय — म्हणून येताना ही वही विकत घेतली, तुलाच सांगतो. ज्या खैरुद्दीनला दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आख्खी बिल्डिंग ‘रेडिओ’ म्हणते, त्याच्याकडे गुपित! कमाल आहे.

नीट लिहितो, नाहीतर पोट फुटेल. आमची कंपनी सॅटेलाइटचे फोटो तपासते. दोन महिन्यांपूर्वी ॲमेझॉनच्या जंगलाचं काम आलं. तिथे आतमध्ये काही लोक राहतात, त्यांनी बाहेरच्या जगाशी संबंधच ठेवलेला नाही. त्यांना जपणारी तिकडची एक संस्था आहे. तिचं म्हणणं असं, की अमुक ठिकाणी माणसं राहतात हे फोटोवरून दाखवता आलं, तर सरकार तेवढा भाग बंद करतं. लाकूडवाले, सोनं शोधणारे, रस्ते काढणारे, सगळ्यांना बंदी. नाही दाखवता आलं, तर कागदावर जंगल रिकामं. आणि कागदावर रिकाम्या जागेचं पुढे काय होतं ते अठ्ठावीस वर्षं दुबईत सर्व्हे केलेल्या माणसाला कोणी शिकवू नये!

तर आज सकाळी — ████ नदीच्या (नाव काळं केलं, १९ जुलै) वळणावर एक राखाडी ठिपका. कॉम्प्युटरने लिहिलेलं, ‘खडक’. निनाद, म्हणजे माझा साहेब, पुण्याचा, वयाने माझ्या लेकासारखा, म्हणाला, "रॉक आहे, खैरूभाई. नेक्स्ट."

म्हटलं, थांब जरा. ठिपक्याशेजारी बारीक बारीक हिरव्या चांदण्या होत्या. केळ वरून अशीच दिसते. मी म्हसळ्याचा आहे, केळींत वाढलोय! एकतीस मोजल्या. आणि उभ्या लावलेल्या, एकामागे एक. "केळ आपणहून ओळीत उगवत नाही, निनाद. कोणीतरी लावल्यात." आणि तो राखाडी रंग? दोन पावसाळे खाल्लेलं झावळ्यांचं छप्पर. आमच्या गोठ्यावर हाच रंग असायचा.

निनाद स्क्रीनला नाक लावून बघत राहिला. मग उभा राहून त्याने मला मिठीच मारली. ऑफिसात!


मंगळवार, ८ जुलै

संस्थेच्या बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. डोक्यावर गवती टोपी, पंख्याखाली बसलेल्या. फोटो बघून रडल्याच. या लोकांच्या पावलांचे ठसे वीस वर्षांपूर्वी दिसले होते म्हणे, त्यानंतर काहीच नाही. सगळे धरून चालले होते की संपले.

मी उत्साहात विचारलं, मग आता भेटायला कधी जाणार?

बाई हसल्या. म्हणाल्या, कोणीच जाणार नाही. हेच तर काम आहे. त्यांच्याच नात्यातले लोक नदीच्या खालच्या अंगाला बाहेरच्यांना भेटले होते, आणि वर्षभरात निम्मे गेले. कशाने, तर सर्दी-खोकल्याने! आपल्या अंगात जी ताकद आहे ती त्यांच्यात नाही, कारण ते रोग त्यांनी बघितलेलेच नाहीत. आपण फक्त दाराबाहेर उभं राहायचं आणि कोणाला आत सोडायचं नाही.

घरी आलो तर लेक एमान सोफ्यावर, एसी अठरावर, नाक गळतंय. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया. "अब्बा, इट्स जस्ट अ कोल्ड. चिल."

मी उठून एसी बंद केला.


गुरुवार, १० जुलै

जहांआराला संशय आलाय. जेवताना म्हणाली, "तीन दिवस झाले, तुम्ही माझं बोलणं पूर्ण होऊ देताय. बरं नाहीये का? शुगर चेक करून या."

बायकोलाही सांगायचं नाही म्हणजे हद्द आहे. वही गाडीत, सीटखाली ठेवतो.


रविवार, १३ जुलै

धूर! आज नव्या फोटोत छपरातून धूर निघतोय! कोणीतरी काहीतरी शिजवतंय आणि मी दुबईत बसून बघतोय. खिडकीला नाक लावलेल्या शेजाऱ्यासारखं वाटलं. लाजही वाटली थोडी. पण धूर!!


मंगळवार, १५ जुलै

संस्थेने बंदीसाठी अर्ज टाकला. सोबत माझे फोटो, माझ्या खुणा. माझं नाव कुठेच नाही, आणि नसावंच. इन्शाल्ला, तीन आठवड्यांत हुकूम निघेल.


शुक्रवार, १८ जुलै

जुम्म्याच्या नमाजानंतर शारजाला आपाकडे, थोरल्या बहिणीकडे. आपाने तिच्या कंपाउंडमधल्या केळीची पानं कापून त्यांवर वाढलं. ती केळसुद्धा म्हसळ्याची — अकरा वर्षांपूर्वी मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं, दुपट्ट्यात गुंडाळून बॅगेत भरून आणले होते तिने, एअरपोर्टवर माझा जीव वर-खाली होत होता.

वासिफ, आपाचा मुलगा, खोर फक्कानच्या बीचवर खाण्याचे व्हिडिओ काढून आला होता. सत्तावीस वर्षांचा झाला, चाळीस हजार फॉलोअर्स, म्हणून तंगड्या टेबलावर. सगळ्यांसमोर म्हणाला, "मामू, तुमचा जॉब म्हणजे दिवसभर छपरं मोजायची ना? कसं काय करता यार! बहोत बोरिंग."

सगळे हसले. जहांआरासुद्धा.

मग मी त्याला बाल्कनीत नेलं. स्क्रीनचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता (काढायचा नसतो). दाखवला. सगळं सांगितलं. त्याचे डोळे एवढे मोठे झाले! "मामू, सच्ची? तुम्ही शोधलंत?" मग जाताना म्हणाला, मला पाठवा ना. म्हटलं, तुलाच पाठवतो, पण कोणाला दाखवू नकोस.

अकरा दिवसांनी मोकळा श्वास घेतला. एकालाच तर सांगितलं, आणि तोही घरचाच.


शनिवार, १९ जुलै

या अल्ला.

वासिफने टाकला. ‘माय मामू फाउंड अ हिडन ट्राइब!!’ खाली माझा फोटो, हातात बिर्याणीची प्लेट. एमानने आनंदाने आणून दाखवलं, "अब्बा, यू आर फेमस!"

आणि जंगलाच्या फोटोच्या खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश. स्पष्ट. मी सर्व्हेयर, आयुष्य त्या आकड्यांत गेलं, आणि पाठवताना मलाच दिसले नाहीत!

फोनवर ओरडलो, "डिलीट कर! आत्ताच! यल्ला!" त्याने केला. रडवेला झाला. "मामू, मी तर तुमच्यासाठीच—" खरंच, अभिमानानेच टाकला होता त्याने. तो काही वाईट नाही. पोस्ट चार तास होती. अकरा हजार लोकांनी बघितली.

लगेच निनादला फोन केला, आणि त्याच्याकडून बाईंना. काहीच लपवलं नाही. मग या वहीतही नदीचं नाव होतं ते आठवलं. मार्करने काळं केलं. बैल गेला नि झोपा केला असं जहांआरा एरवी म्हणाली असती; तिलाही आता सांगून झालंय. तिने फक्त मार्करचं टोपण लावून ठेवलं.


सोमवार, २१ जुलै

नोकरी आहे. निनादने लेखी वॉर्निंग दिली. देताना त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. मोबाइल आता रिसेप्शनला जमा करून आत जायचं. मला काढू नका असं बाईंनीच कळवलं म्हणे, "केळी ओळखणारा दुसरा कुठून आणू?"


शुक्रवार, १ ऑगस्ट

हुकूम निघाला! बंदी!! नदीचं वळण, पलीकडची टेकडी, सगळं बंद! नदीच्या तोंडावर चौकी बसली, चार माणसं, एक होडी. निनादने ऑफिसात कुनाफा, इथली मिठाई, मागवला. कशासाठी ते कोणालाच सांगता येईना, म्हणून त्याने स्वतःचा वाढदिवस जाहीर केला. सगळ्यांनी गाणं म्हटलं. मी सगळ्यात मोठ्याने!


मंगळवार, १२ ऑगस्ट

बाईंचा फोन. दोन माणसं होडीने गेली होती. चौकीवाल्यांनी परत पाठवलं, जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. पण त्याआधी त्या दोघांनी ड्रोन उडवला होता. वीस मिनिटं त्या घरावर.

त्यांच्या मोबाइलमध्ये वासिफची पोस्ट होती. माझ्या बिर्याणीच्या प्लेटसकट.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.


सोमवार, २५ ऑगस्ट

ढग.


सोमवार, १ सप्टेंबर

फोटो स्वच्छ आला. घर आहे, माणसं नाहीत. छपराला मधोमध भोक, पायवाट बुजलेली. धूर नाही.

वीस वर्षं सगळ्या जगापासून लपून राहिले, आणि माझ्या तोंडाने त्यांना घरातून काढलं. छपरं मोजणारा म्हणून कोणी हसू नये एवढ्यासाठी!

जेवलो नाही. जहांआरा शेजारी येऊन बसली. "एमानचे अब्बा, गेले म्हणजे मेले असं थोडंच आहे," एवढंच म्हणाली.


मंगळवार, २ सप्टेंबर

थांब थांब थांब!

आज पुन्हा मोजल्या केळी. एकोणीस! एकतीसच्या एकोणीस. बारा कमी!

निनाद म्हणाला, नदीत वाहून गेल्या असतील. कशा जातील? पाणी पार खाली गेलंय, वाळू दिसतेय. आणि गेल्यात त्या सगळ्या लहान. मोठ्या जागच्या जागी आहेत. सहा वेळा मोजलं, जुना फोटो शेजारी ठेवून, एकेका केळीवर बोट ठेवून.

उपटून नेल्यात! आपाने दुपट्ट्यात गुंडाळून आणल्या तशा! नुसता जीव वाचवायला पळणारा माणूस रोपं काढत बसत नाही. रोपं नेतो तो, ज्याला पुढे जाऊन राहायचंय!!

बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बारा? नक्की?" म्हटलं, मॅडम, बारा. लिहून देतो.

आता शोधायच्या त्या केळी. कोवळ्या आहेत, वरून दिसायला चार-पाच महिने लागतील. बंदीचा सगळा भाग चौकोन पाडून वाटून घेतला, दोनशे सहा चौकोन. निनाद म्हणतो एवढं करायची गरज नाही. मी करणार.


बुधवार, ८ ऑक्टोबर

चौकोन ४१ पर्यंत झाले. काही नाही. वासिफ घरी आला होता. मी बाहेरून आल्यावर पूर्वी आधी विचारायचा, "मामू, क्या खबर?" आज नुसतं पाणी आणून दिलं. मीच म्हटलं, बस, खोर फक्कानचं सांग. तासभर बोलत होता, आणि मी ऐकत होतो. जहांआरा दारातून बघून गेली.


सोमवार, १७ नोव्हेंबर

तिकडे पावसाळा. ढग, ढग, ढग. चौकीजवळ दुसरी होडी आली नाही, एवढी बातमी चांगली.


गुरुवार, १ जानेवारी २०२६

ढग. काल बुर्ज खलिफाची आतषबाजी बघायला नेलं सगळ्यांना. वरती धूर झाला तेव्हा मला जुलैतला धूर आठवला. एमानने हात धरला. "अब्बा, दे आर ओके. आय नो इट." तिला कोणी काय सांगितलंय कोण जाणे.


गुरुवार, २२ जानेवारी

ढगांना दोन ठिकाणी फट. अर्धा चौकोन दिसला. नुसतं जंगल. चहा गार झाला.


सोमवार, २ फेब्रुवारी

पाच केळी. ओळीत!

बाईंना कळवलं. जहांआराने विचारलं, आज एवढे खूश का? म्हटलं, काही नाही, सहज.

कुठे दिसल्या, ते तुलाही सांगणार नाही.