नोटीस प्रोसेसमध्ये आहे

१४ जुलै २०२४, रविवार
सोसायटीची मीटिंग. गच्चीखालच्या चौथ्या मजल्यावर शीलाच्या किचनचा स्लॅब गळतोय, बाकी सगळ्यांच्या भिंतींना ओल. सप्टेंबरअखेर फ्लॅटच्या ताब्याला पाच वर्षं होतील. त्याआधी बिल्डरला लेखी कळवलं तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. नाही ऐकलं तर महारेराकडे तक्रार. सेक्रेटरी म्हणून नोटीस मी देणार. अंबरनाथच्या कंपनीत आयुष्यभर ऑफिसर होतो, इंग्रजी पत्रात मला कोण हरवणार? उद्याच देतो.

१५ जुलै
दिली नाही. ‘डिअर सर’ लिहावं की नुसतं ‘सर’, यात सकाळ गेली. बबनशेठसारख्या बिल्डरला ‘डिअर’ म्हणणं तत्त्वात बसत नाही.

२० जुलै, संध्याकाळ
बिल्डर बबनशेठ स्वतः आले. माणसं लावून आमच्या बेडरूमची ओली भिंत वॉटरप्रूफ करून दिली. म्हणाले, साहेब, हे सॅम्पल समजा, बाकीच्यांचं बघतो, जरा दमाने घ्या. सॅम्पलची पावसाळाभर टेस्ट घेणं हे जबाबदार माणसाचं काम. कुंदा भिंतीकडे बघत राहिली, बोलली नाही. बायकोने बोललेलं बरं असतं.

४ ऑगस्ट
शीला जिन्यात भेटली. ‘काका, नोटीस गेली?’ म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. हे खोटं नाही. डोक्यात प्रोसेस चालूच असते.  

२२ ऑगस्ट
शीलाच्या किचनचं प्लास्टर कोसळलं. तिची आई, गयाबाई, नेमक्या त्याखाली भाकऱ्या थापत होत्या. हात मोडला.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२३ ऑगस्ट
मोसंबी घेऊन बघायला गेलो. गयाबाई म्हणाल्या, ‘भाऊ, आमच्यापायी किती पळता तुम्ही! तुमच्याकडंबी गळतं का हो?’ म्हटलं, थोडं. शीलाने बादल्या ओलांडत चहा आणला. 
उद्या नोटीस. शपथ.

१२ सप्टेंबर
गणपतीत कायद्याची भाषा नको म्हणून थांबलो होतो. आज हेंद्रेपाड्याला बबनशेठच्या नव्या साइटवर पूजा, मी प्रमुख पाहुणा. चांगलं सुनवायचं म्हणूनच गेलो. शाल, नारळ झाला. कडक शब्द अगदी तोंडात आले होते, तेवढ्यात त्यांनी पेढा भरवला.

१९ सप्टेंबर
शीला घरी आली. मी काही बोलायच्या आत कुंदा म्हणाली, ‘ह्यांनी नोटीस दिलेलीच नाही गं.’
शीला ओरडली नाही. ओरडली असती तर मला बाजू मांडता आली असती. आमच्याच टेबलावर बसून तिने मोबाइलवर नोटीस लिहिली, कुंदाने वाचून पाहिली. चहा निवायच्या आत पाठवूनही झालं. एक स्पेलिंग चुकलं होतं. मी दाखवलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
मीटिंग. बबनशेठने लेखी कबूल केलंय, उद्यापासून गच्चीचं काम. शीला एकमताने नवी सेक्रेटरी. हात मीही वर केला.
टाळ्या थांबल्यावर गयाबाई म्हणाल्या, ‘भाऊंनीबी लई धावपळ केली, त्यांच्यासाठीबी वाजवा की.’ शीलाने आईला काही सांगितलेलं नसावं.
कुणी वाजवल्या नाहीत. कुंदानेही नाही. गयाबाईंचा एक हात अजून झोळीत. दुसरा त्या एकट्याच मांडीवर आपटत राहिल्या, माझ्याकडे बघून हसत.