बारा इंची स्पीकर आणि दोन मजले

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, छोटीला पापा. इकडे सगळं ठीक आहे. रक्तदाब जागेवर आहे, नळाला पाणी आहे, मनगट दुखत नाही. स्टुलावरून पडल्याला तीन महिने होऊन गेले, तेव्हा आता दर फोनला मनगटाची चौकशी नको.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी तिसरं वाक्य सुरू केलं की तू "आई, ऐक ना" म्हणतेस आणि मग मीच ऐकत बसते. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

तू महिनाअखेरची मुदत दिली आहेस: कायमची राहायला येतेस की नाही, एकदा सांगून टाक. उत्तर याच पत्रात आहे. पण पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड मला माहीत आहे. या वेळी ओळीने वाच, नाहीतर उत्तर मिळेल आणि कळणार काहीच नाही.

खोलीचा फोटो पाहिला. पडदे छान आहेत. पलंगाशेजारी भिंतीला धरून उठायचा दांडा बसवला आहेस, तोही पाहिला. तो फोटोच्या अगदी कडेला येईल असा काढलास, पण मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनींतले दोष शोधले आहेत. माझी नजर कडेलाच जाते.

आता भांडण. "आई, आता सगळं आटोपतं घे, ते खेळणंसुद्धा विकून टाकू," असं तू म्हणालीस. खेळणं! खेळणं तुमच्या घरात आहे: ते धावायचं यंत्र, ज्यावर तुम्ही टॉवेल वाळत घालता. माझ्या घरात आहे ती बेस गिटार आहे आणि तिच्याबरोबर एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. दोन्ही रोज वापरात असतात, आणि त्यांच्यावर काही वाळत घातलेलं तुला दिसायचं नाही.

हे खूळ कुठून आलं हे तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी मी दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडले होते. तो दाढ कोरता कोरता आपल्या मदतनीस बाईला सांगत होता, की आमच्या बँडचा बेसवाला बदली होऊन गेला, आता खालचे सूर कोण धरणार? माझ्या तोंडात कापूस. मी हात वर केला. त्याला वाटलं दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं. तासाभराने जीभ ठिकाणावर आल्यावर मी म्हटलं, "दुखत नव्हतं हो, मी अर्ज करत होते."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला ऑर्गनवर कधी वरचा सूर द्यायच्या नाहीत. "तुझा डावा हात बरा आहे" म्हणायच्या आणि खालचे स्वर माझ्या वाट्याला टाकायच्या. गाण्याची चाल वाजवायची ती गुळगुळीत वेणीवाली मुलगी. पन्नास वर्षं मी तो अपमान म्हणून जपला. बेस हातात घेतल्यावर तिसऱ्याच आठवड्यात कळलं की सिस्टरचं बरोबर होतं. माझा डावा हात नुसता बरा नाही, चांगला आहे.

आम्ही चौघं आहोत. ड्रमवर दंतवैद्य. गिटारवर बसडेपोतला मेकॅनिक. गायला आमच्या तळमजल्यावरची शिवणवाली, जी दिवसभर मशीनवर गुणगुणते आणि संध्याकाळी छप्पर उडवते. आणि मी. मागच्या वर्षी वाचनालयाच्या अंगणात वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर मेकॅनिकची बायको माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काकू, तुम्ही फार छान डोलत होतात." डोलत! दीड तास मी त्या तिघांना खांद्यावर घेऊन चालले आणि लोकांना दिसलं ते डोलणं, कारण ऐकू काहीच आलं नव्हतं.

आता या पंचवीस तारखेला डेपोच्या वर्कशॉपमध्ये कार्यक्रम आहे. उंच पत्र्याचं छप्पर, सहाशे माणसं. माझ्या अ‍ॅम्पमध्ये बारा इंचाचा एकच स्पीकर आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोलीत तालमीला तो पुरतो. त्या पत्र्याखाली तो म्हणजे समुद्रात चमचा. अ‍ॅम्पला दुसरी पेटी जोडायची सोय असते. तिला एक्स्टेंशन कॅबिनेट म्हणतात. तर ती घ्यायची ठरली, आणि घ्यायला मी एकटी गेले. दंतवैद्य येतो म्हणाला होता. त्याला म्हटलं, दातांच्या बाबतीत तुम्ही सांगाल ते मी ऐकते, तेवढं पुरे.

दुकानात एक मिशाळ विक्रेता पुढे आला. वय पन्नाशीचं, म्हणजे माझ्याहून फार तर पंधरा वर्षांनी लहान.

"या आजी! नातवासाठी का?"

"नाही, काका," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

मिशा जरा हलल्या. अ‍ॅम्प कुठला ते त्याने विचारलं, आणि माझं उत्तर संपायच्या आत एका पेटीवर थाप मारली. "ही न्या. चार ओहमची आहे. आठवाल्यापेक्षा जोरात वाजते. डोळे मिटून न्या."

ठकू, डोळे मिटून मी आयुष्यात फक्त देवाचं नाव घेतलं आहे.

"माझ्या अ‍ॅम्पच्या पाठीवर काय लिहिलंय माहीत आहे?" मी विचारलं. "चार ओहमच्या खाली जाऊ नका. आतला स्पीकर आठचा आहे. त्याला बाहेरून चारचा जोडला तर दोन्ही मिळून किती?"

"बारा," तो म्हणाला. अगदी आत्मविश्वासाने.

मी पर्स खाली ठेवली. "अहो, एका टाकीला एक नळ आहे. शेजारी दुसरा, त्याहून मोठा नळ बसवला, तर पाण्याला अडथळा वाढेल की कमी होईल?"

"कमी."

"तसंच हे. आठाला आठ जोडला की चार होतात, अ‍ॅम्प सुखाने चालतो. आठाला चार जोडला की तीनच्याही खाली. अ‍ॅम्प तापतो, आणि तिसऱ्या गाण्याला धूर. मग तुम्ही म्हणणार, आजींनी काहीतरी चुकीचं दाबलं."

आतून मालकीणबाई आल्या. त्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा तिकडे तबल्याचं गिऱ्हाईक बघा. यांना मी बघते." पुढची दहा मिनिटं त्या मला "मॅडम" म्हणाल्या. मग "ताई". चहा झाल्यावर "तुम्ही इथे नोकरी का करत नाही?" एवढ्यापर्यंत आलो.

आठ ओहमच्या दोन पेट्या पुढे ठेवल्या. एक पंधरा इंची, चोवीस किलो. दुसरी बारा इंची, तेरा किलो. दोन्हींवर वाजवून पाहिलं. खरं सांगते, पंधरा इंचीचा आवाज ऐकून माझ्या पायांखालची फरशी जागी झाली. असा रुंद, असा गडद, की एकच स्वर धरून संध्याकाळ काढावी. बारा इंचीचा आवाज स्वच्छ आणि चपळ होता, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येत होता. चांगला होता. पण पंधरा इंची तो पंधरा इंची.

"मग मोठीच ना?" बाईंनी विचारलं.

दुकानात मधल्या माळ्यावर जायला जिना होता, वर ड्रम मांडलेले. मी म्हटलं, "आधी मला ही त्या जिन्यावरून वर नेऊन बघायची आहे."

"ताई, लोक वाजवून बघतात."

"लोक तळमजल्यावर राहत असतील. मी दुसऱ्या मजल्यावर राहते."

पंधरा इंची उचलली. चौथ्या पायरीवर उजवं मनगट म्हणालं, बस. मिशाळ गृहस्थ धावत आले. "हात लावू नका," मी म्हटलं, आणि स्वतः खाली आणून ठेवली. त्यासाठी लागायला हवा त्याच्या चौपट वेळ लागला. मग मी तिच्यावरच बसले.

तिथे बसून जे आठवलं ते आता तुला लिहायलाच हवं.

मी स्टुलावरून पडले नव्हते. धूळ पुसत नव्हते. जुलैत दंतवैद्याच्या मित्राची एक पंधरा इंची पेटी वापरून बघायला आणली होती. ती परत न्यायला दंतवैद्य पाच वाजता येणार होता. साडेपाच झाले. मला कुणाची वाट बघत बसणं जमत नाही हे तू जाणतेस, तुझ्यातही तेच आहे. मी ती पेटी एकटीने जिन्यावरून खाली न्यायला निघाले. पहिल्या मजल्याच्या वळणावर पाय चुकला. पेटी माझ्या आधी पोचली. मी पाऊण तास तिथे पडून होते. हाक मारता आली असती. मारली नाही. पाऊण तास मी विचार करत होते, की हाक मारली तर तुला कळेल, आणि तुला कळलं तर सामानाची गाडी येईल. शेवटी शिवणवालीच वर आली, गुणगुणत. मला बघून गाणं थांबलं. "बाई, हे काय हो!" म्हणून तिने मला उठवलं. मी म्हटलं, "आधी पेटीची जाळी फाटली का बघ." ती म्हणाली, "तुमच्या अकलेची जाळी फाटलीय." मनगटाला प्लास्टर घालून घेताना तिच्याकडून शपथ घेतली. ती शपथ तिने पाळली आणि मी तुझ्याशी तीन महिने खोटं बोलले. कॉन्व्हेंटमध्ये आठ वर्षं काढून.

तू आता उठून उभी राहिली असशील. बस खाली. अजून पत्र आहे.

तू खोली तयार केलीस ती स्टुलाच्या गोष्टीवर विश्वास ठेवून. खरी गोष्ट ऐकून तुझी बाजू आणखी भक्कम होते, हे मला कळतं. म्हणूनच लिहिलं. मला तुला नाही म्हणायचं आहे, आणि खोट्याच्या टेकूवर उभं राहिलेलं नाही मला नको.

होय, उत्तर नाही असं आहे. मी येणार नाही. राहायला येईन, आठवडाभर, छोटीच्या सुटीत. कायमची नाही. ती खोली छोटीला दे. तिला दार लावून ओरडायला जागा हवी आहे, तू त्या वयाची असताना तुला होती.

आता पुढचं. पंधरा इंचीवरून उठले आणि बारा इंची उचलली. दुकानाचा जिना वर, खाली. पुन्हा वर, खाली. तिसऱ्या फेरीला माळ्यावर ड्रम बघत असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी वाट सोडली आणि एकाने चक्क टाळी वाजवली. मालकीणबाई पायथ्याशी उभ्या राहून मोजत होत्या. मनगट काही बोललं नाही. "हीच," मी म्हटलं. "आवाजात मन मारलंत का?" त्यांनी हळूच विचारलं. त्या बाईला धंदा कळतो. मी म्हटलं, "मारलं. पण जो आवाज मला दुसऱ्याच्या हाताने न्यावा लागेल, तो माझा कसला?"

घरी आणली ती मीच वर नेली, प्रत्येक वळणावर थांबून. शिवणवाली तोंडात टाचण्या धरून दारात उभी होती.

काल तालीम झाली. जुन्या अ‍ॅम्पवर नवी पेटी ठेवली की स्पीकर माझ्या खांद्याशी येतो. दुसऱ्या गाण्यात दंतवैद्याने वाजवणं थांबवलं. मला वाटलं, माझं काही चुकलं. तो काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ताई, चार वर्षं मी तुमच्या बोटांकडे बघून ठेका धरत होतो. आज खाली बघावं लागलं नाही." मेकॅनिक म्हणाला, "जवळून गाडी गेल्यासारखं वाटतंय." डेपोतल्या माणसाकडून याहून मोठी दाद नाही. आणि मी, ठकू, त्या खोलीत पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. बरी वाजवते गं मी. बरी नाही, चांगली वाजवते. हे लिहिताना मी इकडेतिकडे बघितलंही नाही.

पंचवीसला शनिवार आहे. सगळे या. जावईबापू आणि छोटी पुढे बसू देत, तू बसू नकोस. तू मागे मोठ्या दाराशी उभी राहा, जिथून बस आत येतात, आणि तिथपर्यंत मी पोचते की नाही ते ऐक. बाकी सगळे माझं वय बघून कौतुक करतात. तू माझ्याशी कधी गोड खोटं बोलली नाहीस. तो गुण तू माझ्याकडून घेतलास असं मी सांगत फिरायचे, आता जरा दमाने सांगेन. नाही पोचले तर तसं तोंडावर सांग. आणि जिना चढेनासा झाला की ते मी तुला सांगेन, त्याच दिवशी, खरं. दोघींनी एवढं पाळायचं.

दुपारच्या गाडीने आलात तर किल्ली शिवणवालीच्या घरी असेल. दार उघडायला मी नसेन, मी कामावर असेन.

तुझी,
आई
(बेस गिटार)