हळर्णच्या दिलीपचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ

दिलीपच्या रक्तात आता विषाणू नाही. सुटले एकदाची. हा ट्रक ड्रायव्हर काविळीने आमच्या आरोग्यकेंद्रात आला, तेव्हा हेपटायटिस सीची ताजी लागण निघाली होती. ती कुठून झाली ते शोधणं माझं काम. मी घरी जाऊन बायकोसमोरच 'बाहेर कुणाकडे जातोस का' असं नको ते विचारलं. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. बायकोसमोर का विचारलं मी? महिनाभर हेच खात होतं.

कारण बहुधा जत्रेत हातावर काढलेला टॅटू. त्याच सुईने काढून घेतलेले दोघे मित्रही तपासले, त्यांना लागण नव्हती.

आज नवराबायको एकत्र आली. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"बाय, तुम्ही इचारलात म्हणून तर टॅटूचा समाजला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली, "चला घरा, गाडी चुकतली."