आठव्या वाटीतला गवती चहा

ती. आईस,

आठव्या वाटीतला घोट थुंकून मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "यावर मी सही करणार नाही."

घाबरू नकोस. चव बघणाऱ्यांनी चहा गिळायचा नसतो. फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. चव खरी असेल तरच पाकिटावर सही करायची. ज्या फुरक्यांवरून लहानपणी तुझे धपाटे खाल्ले, त्यांचाच आता पगार मिळतो.

गुलाबाचा चहा अत्तराच्या फायासारखा होता, दालचिनीचा बरा. आठव्या पाकिटावर "शुद्ध गवती चहा" छापलं होतं. आत अर्क फवारलेलं साधं वाळकं गवत. वास नाकात शिरला, जिभेवर काहीच उतरलं नाही. तू मागच्या दारची पात चुरगळून आधणात टाकतेस. ती चव ज्या जिभेला ठाऊक, तिला कोण फसवणार?

साहेब म्हणाले, "अहो बाई, गिऱ्हाइकाला कुठे कळतंय?"

"मला कळतंय ना. पगार जिभेचा देता की सहीचा?"

"मग उद्यापासून येऊ नका."

"माझा चमचा न्यायला तरी येईन."

मी वेळेवर जेवते. खोली उबदार आहे. बाबांचा खोकला कसा आहे? नोकरीचं त्यांना एवढ्यात सांगू नकोस. मिळेल दुसरी.

तुझी फुरकेबाज लेक

ता. क. पत्र रात्रभर टेबलावरच राहिलं. सकाळी चमचा आणायला गेले. त्या पाकिटावर साहेबांनी स्वतःच सही केली होती. मी त्याच पाकिटातला चहा ताजा करून आठवी वाटी भरली आणि त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी त्यातला घोटही घेतला नाही.