न फाडलेली गाय

मंगळवार, ९ ऑगस्ट १९९४

पिंपळगाव रेणुकाईत पशुवैद्यक म्हणून रुजू झाल्यापासून आज मी प्रथमच मोठ्याने बोलले. सखारामभाऊंची धट्टीकट्टी गाय पहाटे अचानक मेली. नाकातून काळपट रक्त येत होते आणि ते गोठत नव्हते. जनावरांच्या दवाखान्यातले जुने मलमपट्टीवाले ड्रेसर गंगाराममामा शवविच्छेदनाची सुरी घेऊन सरसावले.

"मॅडम, फाडल्याबिगर रोग कळंल कसा?"

"सुरी ठेवा, मामा. हा फाशी रोग असावा, अँथ्रॅक्स. फाडली तर जंतू वर्षानुवर्षे मातीत राहतील, माणसांनाही बाधतील."

"पुस्तकातलं बोलू राह्यल्या," भाऊ हसले.

होय, पुस्तकातलेच. पण न गोठणारे ते रक्त तर समोर होते ना? चुकले असते तर गावभर हसे झाले असते. तरीही मी हटले नाही. कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि खोल खड्ड्यात, चुना टाकून, गाय अखंड पुरायला लावली.

दुपारी दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली फाशीच्या जंतूंच्या कांड्या स्पष्ट दिसल्या. मामांनीही पाहिल्या. त्यांनी पुन्हा साबणाने हात धुतले.

"उद्या भाऊच्या बाकीच्या ढोरांना लस टोचू," ते म्हणाले. "बोलायचं तुम्ही, धरायचं मी."