पाचशेची रेघ

दादा,

लेक आणि नात सुखरूप आहेत, एवढं तुला फोनवर सांगितलंच. उरलेलं इथे लिहिते.

बाळंतिणीचं रक्त किती गेलं, हे तू इथला मुख्य डॉक्टर असताना नजरेनेच ठरवायचास. मी तिच्याखाली मापाची पिशवी लावू म्हटलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "सिस्टरबाई, दुधाचा रतीब सुरू केलात की काय?" तू निवृत्त झालास, नव्या डॉक्टरीणबाई आल्या, आणि आठवड्याच्या आत प्रत्येक खाटेवर पिशवी लागली.

आज तुझ्या लेकीचं रक्त माझ्याही नजरेला बेताचंच वाटलं. पिशवीत मात्र ते पाचशे मिलीच्या, म्हणजे धोक्याच्या रेघेच्या वर गेलं होतं. काय करायचं ते बाईंनी आधीच लिहून ठेवलंय, त्यामुळे कुणाच्या होकारासाठी थांबले नाही. पोट चोळणं, इंजेक्शन, सलाईन, सगळं एकदम सुरू केलं. रक्त थांबलं. पांढरीफटक पोरगी पुटपुटली, "आत्या, बाबांना सांगू नकोस हं, उगाच घाबरतील." मी शब्द दिला, म्हणून हे पत्र माझ्याच कपाटात राहील.

सात वर्षांपूर्वी ती शिवणकाम करणारी बाई बाळंतपणात गेली, तेव्हा कागदावर तू 'रक्तस्राव किरकोळ' लिहिलंस. तिची चादर मी उचलली होती, दादा. दोन्ही हातांनीही पेलवत नव्हती. तरी मी गप्प बसले.

उद्या दीडशे परिचारिकांपुढे या पिशवीबद्दल माझं भाषण आहे. तुझं नाव घेणार नाही. चादर उचलणारीचं मात्र घेणार.

तुझी तोंडाळ धाकटी